नेमबाजी आणि वर्कशॉप: दोन्हीकडे एकच इअरमफ चालतो का?

उद्यमनगरी:

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, जिन्याची रेलिंग, पत्र्याचे शेड असली कामं. दोन हँडग्राइंडर, एक १४ इंची कटऑफ मशीन, कॉम्प्रेसर, वेल्डिंग सेट. मागच्या खोलीत लाकूडकामासाठी टेबल सॉ आणि रंधा मशीन. मी आणि दोन पोरं काम करतो. कानाला काही लावायची पद्धत आमच्या गल्लीतच नाही, फार तर कापसाचा बोळा.

आता विषय निघाला तो मुलीमुळे. ती पंधरा वर्षांची आहे, १० मीटर एअर रायफल खेळते. सर म्हणाले आता ५० मीटरला म्हणजे .२२ रायफलवर (छोट्या काडतुसाची रायफल) घेऊ, पण आधी कानाचं काहीतरी चांगलं घ्या. (स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून ब्राँझ आणल्यापासून आमच्या घरात ५० मीटर सोडून दुसरा विषय नाही.)

दुकानात गेलो तर डोकंच चालेना. एका खोक्यावर एनआरआर २२, दुसऱ्यावर एसएनआर ३३, तिसऱ्यावर नुसतंच ‘हेवी नॉइज कट’. किमतीत पाचपट फरक. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, आकडा मोठा तेवढा माल भारी. माझा विचार असा की एकच महागातला मफ (हेडफोनसारखा कान झाकणारा) घ्यावा, आठवडाभर मी वापरीन, रेंजवर जाताना तिला देईन. जाणकारांनी सांगा, हे बरोबर आहे का? कानात घालायचे प्लग बरे की मफ? आणि ब्लूटूथवाले घेण्यात काही अर्थ आहे का?

दहा_पॉइंट_नऊ:

मुलीचं अभिनंदन. एकच मफ दोन्हीकडे नेता येईल, पण तो दोन्हीकडे अडचणच करेल.

लोक .२२ ला फार हलक्यात घेतात. आवाज क्षणात संपतो म्हणून तो छोटा वाटतो. प्रत्यक्षात नेमबाजाच्या कानापाशी त्याचं शिखर १४० डेसिबलच्या आसपास जातं. .२२ पिस्तुलाची नळी आखूड असल्यामुळे ते त्याहून वर. १२ बोअरची छऱ्यांची बंदूक आणि मोठ्या काडतुसाची पिस्तुलं १५० ओलांडून १६० पर्यंत पोचतात. एका धमाक्यासाठी मोठ्या माणसाची मर्यादा १४० धरतात, लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १२० सुचवली आहे. तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. आणि रेंजवर फक्त स्वतःच्या गोळीचा आवाज नसतो, डाव्या-उजव्या लेनवरचेही मारत असतात.

आता मफची अडचण. रायफल खांद्याला लावून गाल चीकपीसवर (गाल टेकवायच्या पट्टीवर) टेकवला की स्टॉकचा, म्हणजे दस्त्याचा, वरचा भाग मफच्या वाटीला खालून लागतो. जाड वाटीचा मफ असेल तर तो वर ढकलला जातो, कानामागची उशी उचलली जाते आणि फट पडते. आवाज त्या फटीतून सरळ आत. पोरं मग नकळत मान वाकडी करून मफ वाचवायला बघतात आणि पोझिशन बिघडते. प्रोनमध्ये (पोटावर झोपून मारताना) हा त्रास सगळ्यात जास्त. म्हणून रायफलवाले बहुतेक जण प्लग घालतात, आणि मफ घेतलाच तर पातळ वाटीचा, खालची कड कापल्यासारखी असलेला.

माझं मत: तिला फोमचे प्लग आणि त्यावर पातळ मफ. दोन्ही एकदम.

आणखी एक. उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचा डावा कान आधी जातो. डोकं तिरकं असतं, डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. प्लग घातल्यावर डावी बाजू आधी तपासायला शिकवा.

ब्लूटूथ, रेडिओ वगैरे तिच्यासाठी विसरा. आयएसएसएफच्या (नेमबाजीच्या जागतिक संघटनेच्या) नियमात खेळाडूला आवाज आत घेणारं उपकरण बसवलेलं श्रवणसंरक्षण चालत नाही. सरावात एका गोष्टीची सवय आणि स्पर्धेत दुसरीच, असं नको.

रंधा:

मी नाशिकला घरच्या घरी लाकूडकाम करतो, तेव्हा रेंजचं मला कळत नाही. वर्कशॉपबद्दल लिहितो.

चष्मा लावता का? सेफ्टी गॉगल तर लावतच असाल (नसाल तर तो वेगळा धागा काढू). जाड काडीचा गॉगल मफच्या उशीखाली गेला की उशी काडीच्या दोन्ही बाजूंनी उचलली जाते. तिथे काही डेसिबल सरळ गळतात. पातळ, चपट्या काडीचा गॉगल घ्या, किंवा मागे इलॅस्टिक पट्टा असलेला.

दुसरं, उशा. मफच्या काळ्या उशा घामाने वर्षभरात कडक होतात, चिरा पडतात. अंगठ्याने दाबून बघायची, दबून परत वर आली पाहिजे. नाही आली तर मफ गेला समजा. चांगल्या कंपन्यांच्या उशा आणि आतला स्पंज वेगळा मिळतो, कंपन्या वर्षातून दोनदा बदला म्हणतात. सुटे भाग मिळतात का हे घेतानाच विचारा, नाहीतर अख्खा मफ फेकावा लागतो.

आणि मफ स्टोअरमध्ये खिळ्यावर ताणून टांगू नका. पट्टा सैल पडतो. पट्ट्याचा दाब म्हणजेच अर्धा मफ.

एचएसई_भोसरी:

दुकानदाराचं ‘आकडा मोठा तेवढा माल भारी’ वाचून लिहायला बसलो. वीसेक वर्षं कारखान्यातल्या सुरक्षेचंच काम करतोय, जरा लांबेल.

दोन्ही आकडे किती डेसिबल आवाज अडतो ते सांगतात: एनआरआर हा अमेरिकेचा आकडा, एसएनआर युरोपचा. मोजायची पद्धत वेगळी, त्यामुळे एकमेकांशी तुलना करायची नाही. उदाहरण देतो. थ्रीएमचा ११०० नंबरचा केशरी फोम प्लग: एनआरआर २९, एसएनआर ३७. त्याच कंपनीचा पिवळा ई-ए-आर क्लासिक: एनआरआर २९, एसएनआर २८. एकाच घरचे दोन प्लग. अमेरिकन आकड्याने बघितलं तर सारखे, युरोपियन आकड्याने बघितलं तर नऊचा फरक. तेव्हा तुमचं ‘२२ विरुद्ध ३३’ हे मुळात विरुद्धच नाही. एनआरआर एनआरआरशी ताडा, एसएनआर एसएनआरशी. खोक्यावर आपल्याकडचं आयएस ९१६७ किंवा युरोपचं ईएन ३५२ यांपैकी काहीच छापलेलं नसेल तर तो ‘हेवी नॉइज कट’ जागेवर ठेवून या.

हे आकडे प्रयोगशाळेतले. तिथे शिकवलेला माणूस, स्वच्छ कान, शांतपणे बसवलेला प्लग. कामावर तसं काही नसतं. म्हणून अमेरिकेतले कामगार-सुरक्षावाले एक कंजूष हिशेब वापरतात: एनआरआरमधून ७ वजा करा आणि उरलेल्याचं अर्धं करा. २२ चा मफ या हिशेबाने साडेसात देतो. ३१ चा (पेल्टरचा एक्स५ए, जाडजूड आहे) १२ देतो. नीट बसवला तर याहून बरंच जास्त मिळतं, पण खरेदी करताना हाच हिशेब धरावा.

तुमच्याकडे किती आवाज आहे? मोजल्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही, पण हँडग्राइंडर ९५ ते १०५, कटऑफ मशीन लोखंडी अँगल कापताना १०० च्या पुढे, रंधा मशीन १०० च्या आसपास, टेबल सॉ थोडा खाली, असं साधारण सापडतं. आपल्या फॅक्टरी नियमांत ९० डेसिबल आठ तास, ९५ चार तास, १०० दोन तास, ११५ च्या वर एक क्षणही नाही. अमेरिकेची नायॉश ही संस्था जास्त कडक आहे: ८५ आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ अर्धा. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. आपला नियम दोन तास म्हणतो, त्यांचा पाव तास. मी स्वतः कडक बाजूने चालतो, कारण कानाला कुठला कायदा लागू आहे हे ठाऊक नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि खोक्यावर हे कुणी छापत नाही. समजा तुमच्याकडे खरोखर ३० डेसिबल अडवणारा मफ आहे. सतत आवाजाच्या आठ तासांत तो फक्त अर्धा तास काढून ठेवला, कधी फोनला, कधी तंबाखूला, तर दिवसभराचं खरं संरक्षण १२ डेसिबलवर येतं. अर्धा दिवस काढला तर अवघं ३. काढलेल्या वेळात जो आवाज आत जातो तो इतका मोठा असतो की घातलेल्या वेळेची कमाई तो खाऊन टाकतो. म्हणून वर्कशॉपसाठी सगळ्यात भारी मफ शोधू नका, सगळ्यात सोसवणारा शोधा. जड मफ दुपारी दोनला डोक्यावरून उतरतो आणि परत चढत नाही.

आणि फार अडवणंही वाईट. कानाशी ७० ते ८० डेसिबल उरला पाहिजे असं युरोपचं मानक सांगतं. त्याखाली गेलात तर माणूस तुटतो, हाक ऐकू येत नाही, मग तो मफ काढतो. नेमबाजीतला प्लग-अधिक-मफ हा प्रकार वर्कशॉपमध्ये रोज नको.

जुना_फिटर:

आता जरा उलटं बोलतो, रागावू नका. आमची हयात फौंड्रीत गेली. आधी फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करायला), मग फिटिंगला. चिपिंग हॅमर चालवले, ग्राइंडर चालवले, कानाला कधी काही लावलं नाही. पहिलं वर्षभर त्रास होतो, मग कान तयार होतो, सवय लागते. बाकी तब्येत ठणठणीत. टीव्ही जरा मोठा लावावा लागतो तेवढंच. आणि कान बंद केल्यावर मागून क्रेन आलेली कळायची कशी? बेअरिंग वाजायला लागलं तर कळायचं कसं? मशीन कानानंच चालवतात भावा.

कान_नाक_घसा:

जुना_फिटर काका, नमस्कार. कान तयार होत नाही हो. जे झालं ते असं: आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसांसारख्या पेशी असतात, जन्मतः मिळतात तेवढ्याच, मेलेली पेशी परत येत नाही. सततच्या आवाजाने त्या मरतात आणि मग तोच ग्राइंडर कमी टोचतो. त्याला आपण सवय म्हणतो.

यात नुकसानीची सुरुवात ४००० हर्ट्झच्या आसपास होते. श्रवणचाचणीच्या आलेखात तिथे खड्डा दिसतो, बाकी रेघ बऱ्यापैकी सरळ. म्हणून ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, दारावरची थाप ऐकू येते, माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. जातात ती व्यंजनं. स, श, त, थ, फ. घरातले बोलतात ते ऐकू येतं पण कळत नाही, लग्नाच्या हॉलमध्ये तर काहीच कळत नाही. मग घरच्यांवर चिडचिड: नीट बोला, पुटपुटू नका. काकांचा टीव्ही मोठा लागतो याचं कारण बहुधा हेच असावं. एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे हीच श्रवणचाचणी, करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, सुई नाही की काही नाही.

धागाकर्त्यांना: मुलीची आणि तुमच्या दोन्ही कामगारांची ऑडिओमेट्री आत्ताच करा, .२२ सुरू व्हायच्या आधी. पुढे तुलना करायला पाया लागतो. चाचणीच्या आधी चौदा-सोळा तास मोठा आवाज टाळायचा, म्हणजे सोमवारी सकाळी, सुट्टीनंतर.

प्लगबद्दल काही गोष्टी. कान वाहत असेल, दुखत असेल, पडद्याला भोक असेल तर प्लग नको, मफच. मळ दाटलेला असेल तर प्लग त्याला आणखी आत ढकलतो, आधी साफ करून घ्या, आमच्याकडे या, काडीने कोरू नका. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कानात बुरशी होणारे पेशंट रांगेने येतात. दमट कानात मळके प्लग म्हणजे तिला आमंत्रण. आणि प्लग घालण्यापूर्वी कानात तेल घालायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

वेल्डिंग करणाऱ्यांनो, उघडा कान ठेवून डोक्यावरचं वेल्डिंग करू नका. ठिणगी कानाच्या नळीत शिरून पडद्याला भोक पाडते. त्या कामाला प्लग किंवा मफ हे आवाजापेक्षा ठिणगीसाठी.

गोळी किंवा स्फोटानंतर कान बंद झाला, शिट्टी वाजत राहिली, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच आहे, तर वाट बघू नका. लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. औषधाचा उपयोग व्हायचा असेल तर तो पहिल्या काही दिवसांतच होतो.

दहा_पॉइंट_नऊ:

डॉक्टरांना अनुमोदन. प्लग घालायची रीत लिहायची राहिली होती. ९० टक्के लोक प्लग कानाच्या तोंडाशी नुसता चिकटवतात. (टक्केवारी माझ्या डोळ्यांची आहे, कुठल्या अभ्यासाची नाही.)

हात धुवायचे. समईची वात वळतो तसा प्लग बोटांत वळत बारीक करायचा, सुरकुती पडू द्यायची नाही. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून मागे नेऊन उजव्या कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, त्याने नळी सरळ होते. मग पटकन आत सरकवायचा आणि बोटाने अर्धा मिनिट धरून ठेवायचा, फोम फुगेपर्यंत. बरोबर बसला असेल तर समोरून आरशात प्लग जवळजवळ दिसत नाही. दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून बघा: आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग बसला. दाबल्यावर एकदम शांत झालं तर तो बसलेला नाही, काढून परत घाला.

मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, मोठ्यांचा प्लग दुखतो आणि बाहेर येतो. छोट्या आकाराचे मिळतात. साच्यावरून बनवलेले सिलिकॉनचे प्लगही चांगले, पण वाढत्या वयात कान बदलतो, परत करावे लागतात. सध्या तो खर्च नको.

उद्यमनगरी:

बापरे, एवढं सगळं! तळव्यांची ट्रिक आत्ताच करून बघितली.

एक शंका. मुलीला प्लग २९ चा आणि मफ २२ चा घातला तर ५१ मिळणार का?

एचएसई_भोसरी:

नाही. डेसिबल असे मिळवता येत नाहीत. दोन्हींपैकी मोठा आकडा घ्या आणि त्यात साधारण ५ मिळवा, इतकंच. आणि त्यालाही छत आहे: ४०-५० डेसिबलच्या पलीकडे आवाज कानातून न येता कवटीच्या हाडातून आत पोचतो, तिथे कुठलाच मफ काही करू शकत नाही. पण गोळीबारात तो ५ सोडायचा नाही. शिवाय दोन्ही असण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. एक हलला तरी दुसरा जागेवर असतो. स्टॉक लागून मफ उचलला गेला त्याच क्षणी शेजारच्याने गोळी मारली, तर प्लग वाचवतो.

टेक्ससकर:

डॅलसजवळ राहतो, इथे इनडोअर रेंजवर महिन्यातून एखाद्या वेळी जातो. स्पर्धा वगैरे नाही, हौस. ब्लूटूथ आणि इलेक्ट्रॉनिक मफ यात लोक गोंधळ करतात म्हणून लिहितो.

इलेक्ट्रॉनिक मफमध्ये बाहेर दोन मायक्रोफोन असतात आणि आत छोटे स्पीकर. हळू आवाज, म्हणजे रेंज ऑफिसरच्या सूचना, शेजाऱ्याचं बोलणं, तो वाढवून आत देतो. आवाज ८२ डेसिबलच्या आसपास गेला की वाढवणं थांबवतो. गोळी अडवण्याचं काम मात्र वाटी आणि उशीच करते, बॅटरी संपली तरी तेवढंच अडतं. हॉवर्ड लाइटचा इम्पॅक्ट स्पोर्ट इथे खूप चालतो, त्याचा एनआरआर २२ आहे. बंद खोलीतल्या रेंजला तेवढा पुरत नाही. भिंतींवरून आवाज परत येतो, आणि शेजारच्या लेनवर कुणी मझल ब्रेकवाली (नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारा तुकडा लावलेली) रायफल आणली तर छातीत धडधडतं, कारण ब्रेक सगळा धमाका बाजूला फेकतो. मी खाली फोम प्लग घालतो आणि मफचा व्हॉल्यूम वाढवतो. सूचना ऐकू येतात, धमाका अडतो.

आणि कृपा करून नॉइज कॅन्सलिंगवाले इअरबड किंवा हेडफोन याच्या जागी वापरू नका. ते विमानाच्या घरघरीसाठी आहेत. त्यांच्यावर ना एनआरआर ना एसएनआर. संगीत शांत ऐकू येतं म्हणून कान सुरक्षित आहे असं वाटतं, तिथेच गोची आहे.

सिंधुदुर्गी:

आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक आहे, १२ बोअर. रात्री रानडुकरं आली की जावं लागतं. एक बार काढला की कानात बराच वेळ गुंई. पण कान बंद करून जंगलाच्या कडेला उभा राहिलो तर डुक्कर आलं कुठून ते कसं कळणार? हे इलेक्ट्रॉनिक मफ अशा वेळी चालतील काय? पावसात भिजले तर?

टेक्ससकर:

नेमकं याच कामासाठी आहेत ते. पानांची सळसळ उलट जास्तच ऐकू येते. एक सवय करावी लागेल: मफमुळे आवाज कुठल्या दिशेने आला ते थोडं कमी कळतं, तेव्हा दिवसा घालून फिरून बघा. पाण्याचं मात्र जपा, मायक्रोफोनवरचा स्पंज ओला झाला की खरखर होते. स्वस्तात हवं असेल तर छोट्या भोकाचा फिल्टर असलेले प्लग मिळतात. बोलणं बऱ्यापैकी आत येतं, धमाका अडतो. बॅटरी नाही, पावसाची भीती नाही. पण मोठ्या आवाजाच्या यंत्रावर ते चालत नाहीत, सततचा आवाज त्यातून येत राहतो.

रंधा:

जुना_फिटर काकांच्या क्रेनच्या मुद्द्यावर: तो मुद्दा खरा आहे. आमच्या एका मित्राच्या शॉपमध्ये क्रेनला फिरता दिवा लावला, हाक मारायच्या ऐवजी खांद्यावर हात ठेवायचा नियम केला. आणि बेअरिंगचं म्हणाल तर मफ सगळेच आवाज खाली आणतो, बेअरिंगची किरकिर त्यात वेगळी उमटते. पहिले काही दिवस वेगळं वाटतं.

अवांतर, पण कानाच्याच कामाचं: आवाज जिथे निघतो तिथे कमी करा. पत्रा किंवा अँगल कापताना वायस कापाच्या अगदी जवळ पकडा, लोंबता भाग जितका लांब तितका झणझणाट. कटऑफ मशीनखाली जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा ठेवा. वेल्ड घासायला दगडी डिस्कऐवजी फ्लॅप डिस्क लावा, फरक तुम्हालाच कळेल. आणि कॉम्प्रेसर भिंतीबाहेर. कॉम्प्रेसर चालू असताना त्याच खोलीत मफ विकत घेण्यावर चर्चा करणारे लोक मी पाहिलेत.

उद्यमनगरी:

@रंधा, कॉम्प्रेसर आतच आहे. 🙈 बाहेर घेतो, पत्र्याची पेटी करून. तीच तर आमची कामं.

खरेदीचं ठरलं ते सांगतो. मुलीला छोट्या आकाराचे फोम प्लग, पाकीटच घेतलं, आणि पातळ वाटीचा मफ. दुकानात तिला गाल टेकवल्यासारखी मान करायला लावली, दोन मफ तिथेच बाद झाले, वाटी हनुवटीच्या कोपऱ्याला लागत होती. वर्कशॉपला आम्हा तिघांना तीन मफ, मध्यम आकड्याचे, हलके, सुट्या उशा मिळणारे. प्रत्येकाचा वेगळा, पेंटने नाव घातलं. महागातला एक घेणार होतो त्यापेक्षा थोडेच जास्त पैसे गेले. पोरांनी पहिल्या दिवशी सेल्फी काढले, बघू किती टिकतंय.

प्लग वर्कशॉपमध्ये मुद्दाम नाही घेतले. ग्रीसच्या हाताने कोण वळणार?

जुना_फिटर:

डॉक्टर, चाचणीला जाऊन येतो. पण मफ काय आता मला लागायचा नाही, रिटायर्ड माणूस.

कान_नाक_घसा:

काका, उरलेलं जपायचं असतं. घरी मिक्सर, ड्रिल, दिवाळी, मिरवणुकीतला डीजे, सगळं आहेच. एक जोडी खिशात ठेवा. चाचणीत कमी आलं तर यंत्र लावायला लाजू नका, लवकर लावलेलं यंत्र जास्त उपयोगी पडतं.

मागवाला:

इचलकरंजीहून. हा धागा वाचून विचारतोय, थोडा वेगळा विषय आहे. आमच्याकडे यंत्रमाग आहेत, साधे शटलवाले. शेडमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं, जुने कारागीर खुणांनीच बोलतात. मी प्लग आणून दिले. दोन दिवस घातले, मग खिशात. म्हणतात, मागाचा आवाज बदलला की धागा तुटलेला कळतो, कान बंद केला तर कापड खराब होतं आणि पगार कापला जातो. त्यांचंही चुकत नाही. काय करावं?

एचएसई_भोसरी:

त्यांचं चुकत नाहीच, आणि पगार कापला जात असेल तर प्लग घालणार कोण? पहिले काही आठवडे प्लगच्या काळातलं खराब कापड कारागिराच्या अंगावर टाकू नका, हे आधी जाहीर करा. बाकीचं त्यानंतर.

शेडमध्ये आवाज ९५ ते १०५ असेल तर खूप अडवणारा प्लग नकोच. कमी आकड्याचा घ्या, म्हणजे मागाची लय आत येत राहील. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तास, मग पाळीभर, असं वाढवा. एकदम बारा तासांची पाळी प्लग घालून कुणी काढत नाही. दोन-तीन प्रकारचे समोर ठेवा आणि त्यांना निवडू द्या. एकाला फोम सोसतो, दुसऱ्याला छत्रीच्या आकाराचा सिलिकॉनचा धुता येणारा. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये मफ कुणी घालणार नाही, तो विचार सोडा. तुम्ही स्वतः शेडमध्ये शिराल तेव्हा प्रत्येक वेळी घाला, ते सगळ्यांत आधी बघितलं जातं.

आणि आवाजाने येणारा बहिरेपणा हा कायद्याने कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. कायदा लागू असेल-नसेल, वर्षातून एकदा सगळ्यांची ऑडिओमेट्री करून कागद ठेवा.

मागवाला:

पगाराचं आधी करतो, ते डोक्यातच आलं नव्हतं. प्लग दोरीवाले घेऊ की सुटे? दोरीवाले हरवत नाहीत म्हणून मागवणार होतो.

एचएसई_भोसरी:

मागाजवळ दोरी अजिबात नको. फिरत्या भागात अडकली तर कान, मान, सगळंच ओढलं जाईल. हेच ड्रिल मशीन आणि लेथवाल्यांनाही लागू. सुटे घ्या आणि गळ्यात नाही, कमरेला डबी द्या.

मागवाला:

ठीक. पिवळे, हिरवे, केशरी, रंगाने काही फरक?

एचएसई_भोसरी:

अडवण्यात नाही. भडक रंगाचे घ्या, घातलेत की खिशात आहेत ते शेडच्या दारातून दिसतं.